टपावरचं प्लेस्टेशन

परदेशी शिकायला निघालेल्या माणसाच्या घरात शेवटचे पंधरा दिवस वजनकाट्याचं राज्य असतं. हुकाला बॅग अडकवून उचलायचा तो छोटा डिजिटल काटा. व्हिसा येईपर्यंत तो कपाटात पडून असतो. व्हिसा आला की घरातल्या प्रत्येक वस्तूची झडती घ्यायला लागतो. तीन लिटरचा कुकर दीड किलो. आईच्या जुन्या साड्यांची गोधडी एक किलो आठशे. कांदा-लसूण चटणी एक किलो, भाजणी एक किलो, मेतकूट अर्धा, आणि ‘एवढंच टाकते गं’ म्हणत मावशीनं आणलेले लाडू, ज्यांचं वजन करायची कुणाची हिंमत होत नाही. ह्या सगळ्याचा अनुभव आजूबाजूला कुणा ना कुणाला असतो. कोपऱ्यावरच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यांना तर सगळंच माहीत असतं. पण ‘प्लेस्टेशन कुठल्या बॅगेत जातं?’ असं विचारलं की सगळ्यांचे चेहरे कोरे. आणि मग उलटा प्रश्न येतो: ‘तिकडं शिकायला चाललीस की खेळायला?’

२०२३च्या सप्टेंबरात मी साताऱ्याहून जर्मनीला मास्टर्स करायला गेले तेव्हा माझ्या सामानात एक पीएस-४ स्लिम होतं. पंधरा महिन्यांनी ते परतही आलं. म्हणजे ह्या विषयातला जाऊन-येऊन असा दोन्हीकडचा अनुभव माझ्याकडे आहे. तेव्हा आधी कामाचं बोलून घेऊ, मग घरचं.

कन्सोल चेक-इन बॅगेत टाकायला बंदी नाही, पण शक्यतो टाकू नका. चेक-इन बॅगांचं काय होतं ते एकदा विमानाच्या खिडकीतून बघा. पट्ट्यावरून घसरत येतात, ट्रॉलीवर आपटतात, एकमेकींच्या उरावर बसतात. पीएस-४ मध्ये जुन्या लॅपटॉपमध्ये असायची तशी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. तिला हिसके आवडत नाहीत. म्हणून निघण्याआधी गेमची डिस्क बाहेर काढायची आणि कन्सोल पूर्ण बंद करायचा. ‘रेस्ट मोड’ म्हणजे बंद नव्हे. नारिंगी दिवा चालू असताना वायर उपटली तर तुमचे सेव्ह केलेले गेम तुम्हाला सोडून जाऊ शकतात.

वजनाचं गणित असं. पीएस-४ स्लिम २.१ किलो. २०१३ साली आलेलं मूळचं पीएस-४ २.८ किलो. २०२० साली आलेलं डिस्कवालं पीएस-५ तब्बल साडेचार किलो, आणि उंची ३९ सेंटिमीटर. भारतातल्या भारतात उडणार असाल तर केबिन बॅग सहसा ७ किलोची. त्यात पीएस-५ घातलं की उरलेल्या अडीच किलोत तुमचा संसार. निन्टेंडो स्विचवाले मात्र सुखी. २०१७ सालचा तो पहिला स्विच कंट्रोलरसकट ४०० ग्रॅमच्या आत बसतो.

बॅटरीचं लोक उगाच टेन्शन घेतात. लिथियम बॅटरीला १०० वॉट-अवरपर्यंत सहसा कुणी अडवत नाही. पीएस-४ च्या कंट्रोलरची बॅटरी जेमतेम पावणेचार वॉट-अवर भरते. खुद्द कन्सोलमध्ये तर चार्ज होणारी बॅटरीच नाही, घड्याळापुरता एक बटण-सेल आहे. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच न्यायच्या, चेक-इनमध्ये अजिबात नाही. विजेचं म्हणाल तर जर्मनीतही आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज. मागची ती आठच्या आकड्यासारख्या तोंडाची वायर इकडची नेऊ नका, तिकडं दोन-तीन युरोत मिळते आणि पिनचा प्रश्न मिटतो.

आणि एक. कन्सोल चालतो, पण सुकं खोबरं चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून आपल्या विमान कंपन्या ते घेत नाहीत. हे ऐकल्यावर आई दोन मिनिटं गप्प बसली. ज्या जगात खोबरं धोकादायक आणि व्हिडिओ गेम बिनधोक, त्या जगात आपण मुलीला पाठवतोय, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तसं बघितलं तर गेम बरोबर न्यायची हौस जुनीच. २००१ साली निन्टेंडोनं गेमक्यूब नावाचा कन्सोल काढला, त्याला मागच्या बाजूला चक्क मूठ होती. डब्यासारखा उचला आणि मित्राकडे जा. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह ह्या रशियन अंतराळवीरानं आपला गेम बॉय ‘मीर’ अंतराळस्थानकावर नेला होता, टेट्रिसच्या कॅसेटसह. अंतराळात जाताना खासगी सामान ग्रॅम-ग्रॅम मोजून घेतात. त्या मोजलेल्या ग्रॅमांमध्ये त्या माणसानं टेट्रिस बसवलं. मला हे कळलं तेव्हा मी आईला लगेच सांगितलं. ती म्हणाली, “तो परत येणार होता.”

आता घरचं.

हे पीएस-४ माझ्याकडे आलं तेच कुणाच्या तरी वजनकाट्यामुळे. २०१९ मध्ये मी पुण्यात नोकरी करत होते. कॅनडाला निघालेला एक मुलगा सामान विकत होता. त्याच्या खोलीत जमिनीवर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि त्याची आई एकेक वस्तू उचलून काट्याला लावत होती. प्लेस्टेशन आणि कुकर यांच्यात कुकर जिंकला होता. दोन गेम आणि दोन कंट्रोलरसकट मी ते १४,००० रुपयांना घेतलं. पगारातून घेतलेली माझी पहिली मोठी वस्तू. मुलगा मला म्हणाला, “भावासाठी घेताय का?” मी म्हटलं, “नाही, माझ्यासाठी.” तो जरा ओशाळला आणि एक जास्तीची एचडीएमआय वायर फुकट देऊन टाकली.

हा प्रश्न मला नवा नव्हता. लहानपणी आमच्या गल्लीत एका घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. पिवळ्या कॅसेटी, त्यावर ‘९९९९९९ इन १’ असं लिहिलेलं आणि आत मोजून सहा-सात गेम. कॅसेट चालली नाही की तोंडानं फुंकर मारायची. मे महिन्याच्या सुट्टीत तो मुलगा तासाला पाच रुपये घ्यायचा. मुलं खेळायची, मुली मागं सतरंजीवर बसून बघायच्या. पैसे घेऊन गेलं तरी ‘तुला जमणार नाही’ म्हणून कंट्रोलर हातात यायचाच नाही. त्यामुळे माझ्या नावावरचा कन्सोल ही गोष्ट माझ्यासाठी १४,००० रुपयांपेक्षा बरीच मोठी होती.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागायच्या दोन दिवस आधी मी साताऱ्याला घरी आले. बॅगेत चार कपडे, लॅपटॉप आणि प्लेस्टेशन. वाटलं होतं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. १९८८ ते २०१९, एकतीस वर्षं. सातारा-मुंबई केली, सातारा-महाबळेश्वर केली, आणि मधली काही वर्षं केळघर घाटातल्या एका गावची मुक्कामी गाडी केली. संध्याकाळी जायची, रात्री गावात मुक्काम, पहाटे परत. रिटायर झाल्यावर सुरुवातीला रोज संध्याकाळी ते स्टँडवर जाऊन बसायचे. ड्यूटीवरचे लोक चहा पाजायचे, कोणती गाडी किती लेट आहे ते कळायचं. लॉकडाउनमध्ये एसटीच थांबली. अण्णांना मी पहिल्यांदाच संध्याकाळी सहा वाजता घरात बघत होते आणि त्यांना सहा वाजता करायचं काय ते माहीत नव्हतं. ते दारात उभे राहायचे, रस्ता बघायचे आणि आत यायचे. पुन्हा दारात.

मी हॉलमधल्या टीव्हीवर खेळायचे. ते येता-जाता बघायचे, बोलायचे नाहीत. एकदा मी गाड्यांचा गेम खेळत होते आणि वळणावर गाडी कठड्याला घासून पुढं काढली. मागून आवाज आला, “ब्रेक वळणात मारत्यात व्हय? आधी मारायचा.” मी कंट्रोलर पुढं केला. त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला.

शर्यतीचा गेम त्यांना पटला नाही. सगळी गाड्या पळवतायत आणि कुणालाच कुठं जायचं नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. मग मला ‘बस सिम्युलेटर’ नावाचा गेम सापडला. २०१९ मध्येच पीएस-४ वर आला होता. एका गावात तुमची बस कंपनी असते, मार्ग आखायचे, स्टॉपवर थांबायचं, दारं उघडायची, माणसं घ्यायची. सिग्नल मोडला, इंडिकेटर विसरलात, वेग वाढवला की दंड. गेममध्ये मॅन, मर्सिडीज, सेट्रा अशा खऱ्या कंपन्यांच्या बस होत्या. टाटा आणि लेलँडवर आयुष्य काढलेल्या माणसानं सेट्राच्या डॅशबोर्डकडे जे बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं.

तक्रारी पुष्कळ होत्या. गाडी उजव्या बाजूनं चालवायची, हे पचायला आठवडा गेला. “ह्यात घाट कुठाय?” हे रोजचं. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे तिकिटं ड्रायव्हरनंच द्यायची, सुट्टे पैसेही त्यानंच मोजायचे. “मग कंडक्टर काय करतो?” “कंडक्टर नसतोच अण्णा.” “मग डबल बेल कोण देतो?” डबल बेलशिवाय गाडी हलवणं त्यांना जमेना. शेवटी आई स्वयंपाकघरातून ताटलीवर चमच्यानं दोनदा टण-टण करायला लागली. मग गाडी हलायची.

मी त्यांच्या नावानं वेगळं खातं काढून दिलं. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात अण्णांची ड्यूटी. ते पँट-शर्ट घालून बसायचे, लुंगीवर नाही. लॉकडाउन उठला, मी पुण्याला परत गेले, पण ऑफिस घरूनच चालू राहिलं म्हणून महिन्यातले पंधरा दिवस साताऱ्यालाच असायचे. प्लेस्टेशन मी साताऱ्यालाच ठेवलं. म्हणजे २०२० ते २०२३ ते माझं होतं आणि चालवत ते होते.

त्यामुळे जर्मनीचं ठरलं तेव्हा काट्यावर खरा प्रश्न २.१ किलोचा नव्हताच.

मला ते न्यायचं होतं. हे सरळ सांगते, कारण अशा लेखांमध्ये मुली फार लवकर समंजस होतात. मी अनोळखी देशात एका खोलीत राहणार होते, भाषा कामापुरती येत होती, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो असं सगळे सांगत होते. तिथं नवा कन्सोल घ्यायला पैसे नव्हते. कर्ज काढून शिकायला चाललेल्या माणसाला प्लेस्टेशन घेता येत नाही. आणि ते माझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सतरंजीवरून उठून मी कंट्रोलर हातात घेतला होता. पण ते नेलं तर सहा ते साडेसातचं काय, हे मला दिसत होतं.

आईला स्पष्ट बोलायची सवय आहे. “ठेव की इथं. त्यांचा जीव रमतो.” मी म्हटलं, बरं. अण्णा पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, “तुझं हाय, तू घिऊन जा.”

“मग तुम्ही काय करणार?”

“गाडी डेपोची असती. ड्यूटी संपली की चावी द्यायची आन् उतरायचं. उद्या त्याच गाडीवर दुसरा असतो. त्यात काय.”

एकतीस वर्षं एकही गाडी ज्याच्या मालकीची नव्हती, त्याचं हे म्हणणं होतं. ते खरं होतं की मला सोपं जावं म्हणून केलं होतं, हे मी तेव्हाही ओळखू शकले नाही आणि पुढंही विचारलं नाही. पण एवढं कळलं की आता ‘नाही, राहू दे’ म्हणणं म्हणजे त्यांनी उचलून दिलेली गोष्ट खाली टाकणं. मी नेते म्हटलं. आणि मग ते उठले आणि म्हणाले, “आण इकडं. बांधू नीट.”

पूर्वीच्या एसटीला मागं शिडी असायची आणि वर टप. टपावर काय-काय जायचं ते विचारू नका: कांद्याची पोती, सायकली, लोखंडी खाटा, लग्नाची भांडी, आंब्याच्या पेट्या. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा आणि हमाल बांधायचा. पण घाटात सामान सुटलं तर गाडी थांबवून वर चढायची पाळी ड्रायव्हरवरही यायची. त्यामुळे अण्णा गाडी सुटण्याआधी एकदा स्वतः वर चढून दोरी ओढून बघायचे. त्या सगळ्या अनुभवाचं सार त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं: सामान आपटून फुटतं त्यापेक्षा हलून जास्त फुटतं. एकदा आपटलं तर वाचेल. घाटभर डुगडुगत राहिलं तर खिळखिळं होणारच.

मी बबल रॅपचे चार थर लावून मोकळी झाले होते. त्यांनी ते सगळं सोडलं. “हे मऊ हाय, पण आत मोकळं हाय.” त्यांनी आधी कन्सोल आईच्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला, म्हणजे हवा जायच्या जाळीत प्लॅस्टिकचं काही जाऊ नये. त्यावर बबल रॅप, पण एकच थर, ताणून. मग केबिन बॅगेच्या तळाला दुमडलेली गोधडी, तिच्यावर कन्सोल आडवा, बरोबर मध्ये. मग कोपरे. कोपऱ्यांवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मोजे, टॉवेल, हातरुमाल, लोकरीची टोपी, एकेक वस्तू बोटानं दाबून भरली. बॅग बंद करून कानाजवळ नेली आणि हलवली. काही वाजलं नाही. तरी पुन्हा उघडली, एका कोपऱ्यात अजून एक मोजा घातला.

वायरींचंही शास्त्र होतं. वायर करकचून गुंडाळायची नाही, तोंडाशी तुटते. सैल वेटोळं करायचं आणि सुतळीनं एक गाठ. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या वर आलेल्या असतात, त्या दाबल्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात बसवला. पुढं वर्षभर माझ्या कंट्रोलरला मेतकुटाचा वास येत होता.

एकच गोष्ट मी त्यांना सांगितली: तपासणीत हे सगळं बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावं लागेल. लॅपटॉपसारखाच कन्सोलही वेगळा ठेवायला सांगतात, कारण इतकं दाट यंत्र मध्ये असलं की एक्स-रेमध्ये खालचं काही दिसत नाही. अण्णांनी विचार केला आणि गोधडीची दुमड बदलली. कन्सोल वरून एका हातानं उचलता यावा आणि बाकीचं सामान जागचं हलू नये, अशी खाच केली. “जसा काढला तसा ठेव. घाई करू नको. मागं रांग असली तरी असू दे.”

मुंबईला रात्री दोन वाजता मागं रांग होतीच. तपासणीच्या ताईंनी साडीत गुंडाळलेली वस्तू बघून विचारलं, “यह क्या है?” मी म्हटलं, गेम आहे. “किसका?” “मेरा.” त्यांनी साडीचा काठ जरा बाजूला करून बघितलं आणि म्हणाल्या, “साड़ी अच्छी है.” बस, एवढंच. कन्सोल खाचेत परत बसला. विमानात ती बॅग वर ठेवायला जागा मिळाली तेव्हा मला वाटलं, म्हणजे टपावरच गेलं की शेवटी.

जर्मनीत उतरल्यावर काही अडचण आली नाही. स्वतःच्या वापरातल्या जुन्या वस्तूंबद्दल कुणी काही विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात मी एका सीनिअरकडून जुना मॉनिटर घेतला, सुपरमार्केटमधून वायर घेतली आणि प्लेस्टेशन लावलं. पडद्यावर दोन खाती आली. एक माझं, एक अण्णांचं.

त्यांचं खातं मी उघडलं. त्यांची बस कंपनी जिथं थांबवली होती तिथंच होती. गेम बंद करताना त्यांनी गाडी रस्त्यात सोडली नव्हती; फेरी पूर्ण करून, माणसं उतरवून मगच बंद केला होता. मी ती गाडी चालवली नाही. माझ्या खात्यात माझे गेम खेळले, आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला खरोखर तारलं. चार वाजताच्या अंधाराबद्दल सगळे खरं सांगत होते.

अण्णांना मी दुसरंच काही पाठवायला लागले. रोज कॉलेजला जाताना मी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि व्हॉइस मेसेज करायचे. अण्णा, इथं खरंच ड्रायव्हरच तिकीट देतो. अण्णा, स्टॉपवर म्हातारी माणसं आली की बस एका बाजूनं खाली झुकते, गुडघा टेकवल्यासारखी. अण्णा, आज मॅन होती. संध्याकाळी त्यांचे प्रश्न यायचे. बर्फात चेन लावत्यात का? मुक्कामी गाड्या असत्यात का? एका ड्रायव्हरला मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की माझे वडील बस ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. त्यानं उतरताना मला थांबवलं आणि विचारलं, कुठली गाडी? मी म्हटलं, लेलँड. त्याला कळलं नाही, पण त्यानं मान आदरानं हलवली.

२०२४ च्या नोव्हेंबरात आईचा फोन आला की अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, जानेवारीत. डावा म्हणजे क्लचचा पाय. घाटात दिवसाला किती वेळा क्लच दाबला जातो ह्याचा हिशोब एसटीकडे नसेल, पण गुडघ्याकडे होता. ऑपरेशननंतर निदान दीड महिना घरात. आई म्हणाली, “स्टँडवर जायचं पण बंद होईल आता.” तिनं प्लेस्टेशनचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. डिसेंबरचं तिकीट काढलं आणि काटा शोधला.

ह्या वेळी बांधणारी मी एकटी होते. हातात तीच साडी, तीच गोधडी. पहिल्यांदा सगळं भरून बॅग कानाजवळ नेली तर आत काहीतरी सरकलं. पुन्हा उघडली. कोपरे मोजे-टोप्यांनी भरले, अण्णांसाठी घेतलेले लोकरीचे गुडघ्याचे पट्टेही त्यातच गेले. चौथ्या वेळी आवाज बंद झाला. माझे स्वतःचे सेव्ह केलेले गेम मी पेन ड्राइव्हवर घेतले. सेटिंग्जमध्ये जाऊन सेव्ह डेटा यूएसबीवर कॉपी करता येतो. ते तुमच्या खात्याला बांधलेले असतात, तेच खातं दुसऱ्या पीएस-४ वर उघडलं की परत टाकता येतात. दोन हिवाळ्यांचा माझा खेळ एका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावला. काट्यावर तो दिसतही नव्हता. अण्णांचं काही कॉपी करायची गरज नव्हती. त्यांचं सगळं आत होतं, तिथंच, जागेवर.

फ्रँकफर्टला तपासणीत कन्सोलवरून एक कापडी पट्टी फिरवून यंत्रात घातली, स्फोटकांचे कण आहेत का ते बघायला. मागं रांग होती. मी घाई केली नाही. मुंबईत कस्टमची थोडी धाकधूक होती. परदेशात राहून परतणाऱ्या प्रवाशाला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्क न भरता आणता येत होतं, आणि पाच वर्षं वापरलेलं सेकंडहँड पीएस-४ त्याच्या जवळपासही जात नव्हतं. महागडी नवी वस्तू भारतातून नेऊन परत आणणार असाल, तर मात्र जातानाच विमानतळावरच्या कस्टमकडून तसा दाखला घेता येतो; येताना वाद होत नाही. मी हिरव्या मार्गानं बाहेर आले. कुणी थांबवलं नाही.

साताऱ्याला घरी पोचले तेव्हा अण्णा दारात काठी धरून उभे होते. मी बॅग हॉलमध्ये ठेवली आणि म्हटलं, “डेपोत जमा करायला आणलीय.” ते काही बोलले नाहीत. खुर्चीत बसले, बॅग मांडीवर घेतली आणि कानाजवळ नेऊन हलवली.

मग चेन उघडली. प्लेस्टेशनकडे बघितलंच नाही, आधी चारी कोपऱ्यांत बोट घालून बघितलं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात बोट जरा आत गेलं.

“हितं अजून एक मोजा बसला असता,” म्हणाले. “बाकी बरं बांधलंयस.”